लेमन बेसिल वापरताना या चुका टाळा

लेमन बेसिल, म्हणजे लिंबाच्या वासाची तुळस, घालूनही पदार्थाला तिचा वास येत नाही, अशी तक्रार अनेकजण करतात. दोष बहुधा पानांचा नसतो, ती घालण्याच्या वेळेचा असतो. हा वास सिट्राल या बाष्पनशील घटकामुळे येतो आणि उष्णतेने तो झपाट्याने उडून जातो. म्हणून पाने सुरुवातीलाच तेलात परतली किंवा रश्शात दहा-पंधरा मिनिटे उकळली, तर मागे उरतो तो केवळ काळपट पाला. आच बंद केल्यावर पाने हाताने तोडून घालावीत आणि दोन मिनिटे झाकण ठेवावे, एवढ्याने फार मोठा फरक पडतो.

पानांना वास लिंबाचा असला तरी आंबटपणा नसतो, हेही पुष्कळदा विसरले जाते. पदार्थ आंबट हवा असेल तर लिंबू पिळावेच लागते. मात्र आम्लामुळे पानांतील हरितद्रव्य तपकिरी पडत असल्याने ते वाढण्याच्या वेळीच पिळावे.

पाने धुऊन ओलीच फ्रिजमध्ये ठेवणे ही मला सर्वांत नुकसानकारक वाटणारी सवय आहे. दहा अंश सेल्सियसच्या खालची थंडी बेसिलला सोसत नाही आणि पाने काळी पडतात. त्याऐवजी देठे पाण्याच्या पेल्यात बुडवून बाहेरच ठेवावीत आणि पाणी रोज बदलावे.

पोषणाबद्दलचे दावे जपून स्वीकारावेत. साध्या बेसिलच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ४१५ मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असते, पण एका वाढणीत जेमतेम ५ ग्रॅम पाने पडतात, म्हणजे त्यातून साधारण २० मायक्रोग्रॅम मिळते. हे प्रमाण उपयोगी आहे, परंतु कॅल्शियम किंवा लोहासाठी एवढ्या पानांवर विसंबता येणार नाही. के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर चांगले शोषले जाते, म्हणून कच्च्या पानांवर थोडे तेल घालणे योग्य ठरते. वॉरफरिन हे रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध घेणाऱ्यांनी मात्र, के जीवनसत्त्व त्याचा परिणाम कमी करत असल्याने, पानांचे प्रमाण डॉक्टरांना न विचारता एकदम वाढवू नये.

या झाडाचे बी सब्जासारखेच पाण्यात फुगते. ते कोरडे कधीही गिळू नये, कारण घशात फुगून अडकू शकते. भरपूर पाण्यात १५ ते २० मिनिटे भिजवून, प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक थर आल्यावरच खावे.