इंग्रजीच्या तासाला विचित्र चित्रं वापरताय? मग या चुका टाळा

विचित्र चित्र वर्गात नेलं की पोरं खुश होणार हे ठरलेलंच, पण पोरं खुश झाली म्हणजे इंग्रजी बोलली असं होत नाही, आणि आपल्यातले बरेच जण पोरं हसली, मजा आली, एवढ्यावर समाधान मानून तास संपवतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे सातवीतल्या पोराच्या कानावर सहा वर्षं इंग्रजी पडलेलं असतं, शब्दही बऱ्यापैकी माहीत असतात, तरी उभं केलं की अख्खं वाक्य काही तोंडातून निघत नाही. विचित्र चित्र इथंच कामाला येतं, कारण घराच्या पत्र्यावर उंट उभा दिसला की गप्प बसणं कुणालाच जमत नाही. फक्त ते बोलणं "मॅडम, उंट कसं चढलं की तिथं!" असं मराठीतच झालं तर तास हातचा गेला. मी सोलापुरात पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते, आणि माझ्या वर्गात आणि आजूबाजूच्या शाळांत ज्या गोष्टींनी हा खेळ फसतो त्या इथं लिहिते.

चित्र आधी, वाक्य नंतर

सगळ्यात मोठी चूक ही. व्हॉट्सॲपवर एखादं भारी चित्र आलं, आवडलं, सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवलं. आता यावर पोरांनी बोलायचं काय? ते ठरवलेलंच नसतं. उलटं करा. आज पोरांच्या तोंडून कुठलं वाक्य काढायचंय ते आधी ठरवा आणि मग त्याला शोभेल असं चित्र शोधा. कोण काय करतंय हे वदवून घ्यायचं असेल तर चित्रात चार-पाच जण काहीतरी करताना दिसले पाहिजेत, नुसता दोन डोक्यांचा वाघ उभा असेल तर "टायगर, टू हेड" म्हणून विषय संपतो. ऑन, अंडर, बिहाइंड हे घ्यायचं असेल तर वस्तू चुकीच्या जागी असलेलं चित्र लागतं.

समजा फोनवरच्या फोटो एडिटिंग ॲपमध्ये तुम्ही असं चित्र जोडलंत की सोलापूरच्या कंबर तलावाच्या मधोमध सिटी बस उभी आहे, स्टेअरिंगवर म्हैस बसलीय, टपावर कंडक्टर कणीस खातोय आणि खिडकीतून दोन बदकं तिकिटासाठी पैसे पुढं करतायत. यातून "द बस इज इन द लेक", "अ बफेलो इज ड्रायव्हिंग द बस", "द कंडक्टर इज सिटिंग ऑन द रूफ" अशी दहा वाक्यं सहज निघतात, आणि हवी तीच निघतात. आपल्या पोरांना मात्र "इन पिक्चर वन बफेलो इज देअर" असं म्हणायची सवय असते, आपल्या बोलण्याचा क्रम तसाच उचललेला असतो ना, म्हणून चित्र दाखवण्याआधीच फळ्यावर "देअर इज अ ... इन द ..." असा सांगाडा लिहून ठेवा. चित्र दाखवल्यावर लिहायला गेलात तर फळ्याकडं कोण बघणार?

"व्हॉट इज धिस?" विचारून मोकळं होणं

बदक आणि ससा दोन्ही दिसतं ते चित्र बहुतेकांनी बघितलेलं असेल. १८९२ मध्ये एका जर्मन विनोदी मासिकात ते पहिल्यांदा छापलं गेलं आणि पुढं मानसशास्त्राच्या पुस्तकांतून जगभर गेलं. वर्गासाठी झकास आहे, पण "व्हॉट इज धिस?" विचारलंत की अर्धा वर्ग "डक" ओरडतो, अर्धा "रॅबिट", आणि अर्ध्या मिनिटात खेळ खलास. त्यापेक्षा वर्गाचे दोन गट करा आणि समोरच्या गटाला पटवून द्यायला सांगा. "इट लुक्स लाइक अ रॅबिट बिकॉज..." इथून पुढं त्यांना कान दाखवावे लागतात, चोच नाकारावी लागते, बोट कुठं ठेवू ते सांगावं लागतं. एका शब्दाचं उत्तर चालणारच नाही असा प्रश्न आधी वहीत लिहून न्या, वर्गात उभ्या उभ्या सुचत नाही.

आणि पोरं विचारतातच, "मॅडम, खरं काय ए मग?" लगेच सांगू नका. उत्तर कळलं की बोलायचं कारणच संपतं.

सगळं चित्र एकदम दाखवणं

हे इतकं सोपं आहे तरी बहुतेक ठिकाणी होत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. जुनी पुठ्ठ्याची फाइल घ्या, तिच्या वरच्या बाजूला ब्लेडनं साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक पाडा आणि चित्र आत सरकवा. भोकातून आधी फक्त काहीतरी करडं, केसाळ दिसतं. पोरं म्हणतात "डॉग", "ब्लँकेट", एखादा म्हणतो "मॅडम, सोलापुरी चादर!" आता फळ्यावर "इट माइट बी..." लिहा, आणि त्या शब्दांनी सुरू झालेलाच अंदाज मोजायचा हा नियम. मग चित्र बोटभर सरकवा. आता एक डोळा दिसतो. "इट माइट बी अ गोट." अजून सरकवा, डोळ्यावर गॉगल आहे! इथं "इट कान्ट बी अ डॉग" आपोआप यायला लागतं, कारण आधीचं चुकलेलं खोडायचं असतं. शेवटी गॉगल लावून सायकल चालवणारी शेळी बाहेर येते तोवर माइट, कान्ट, मस्ट तिन्ही वापरून झालेले असतात आणि व्याकरणाच्या तासाला जे उदाहरण देऊन देऊन डोक्यात जात नाही ते बसलेलं असतं.

यात फसतं कुठं, तर भोक फार मोठं असलं की पहिल्याच नजरेत कळतं, आणि फार हळू सरकवलं की मागचे बाक आपापल्या गप्पांना लागतात. चार-पाच टप्प्यांत चित्र पूर्ण उघडलं पाहिजे.

पोरांच्या ओळखीचं काहीच नसलेलं चित्र

चित्र विचित्र वाटायला आधी साधं काय असतं ते माहीत पाहिजे. शेकोटीच्या भिंतीतून रेल्वेचं इंजिन बाहेर येतंय असं एक गाजलेलं चित्र आहे, पण घरात भिंतीत शेकोटी असते हेच ज्यानं बघितलं नाही त्याला त्यात नवल काय वाटणार, आपल्याकडं तर उन्हामुळं मार्चपासूनच सकाळची शाळा करावी लागते. तसंच अर्चिंबोल्दो नावाच्या इटालियन चित्रकाराचं. त्यानं साधारण १५९० च्या सुमारास सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा चेहरा नुसत्या फळं, भाज्या आणि फुलांनी रंगवला. चित्र अफलातून आहे, जरूर दाखवा, पण त्यावर थांबू नका. तीच कल्पना आपल्या बाजारात आणा. नाक हिरवी मिरची, डोळे बोरं, गाल डाळिंबाचे, कान पालकाची पानं, मिशीला शेवग्याची शेंग. ओनियन, ब्रिंजल, पॉमग्रॅनेट हे शब्द पोरांना पाठ असतात पण वापरायला कधी मिळत नाहीत.

हा खेळ जोडीनं घ्या. एकानं चित्र बघून सांगायचं, दुसऱ्यानं न बघता काढायचं. आता पुस्तकात लिहिलेलं असतं की मुलांना पाठीला पाठ लावून बसवा, पण आपल्याकडं एका बाकावर तीन पोरं आणि बाकं एकमेकांना चिकटलेली, पाठी कुठनं लावणार? मधे दप्तर उभं करा. दप्तराची भिंत पुरते. आणि सांगणाऱ्यानं हातवारे करायचे नाहीत हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर पोरं हवेत मिशी काढून दाखवतात आणि इंग्रजी राहतं बाजूला.

सोलापूरच्या शिक्षकांनी अजून एक लक्षात ठेवावं. पूर्व भागातल्या शाळांत कितीतरी पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून आलेल्यांच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. त्यांच्यासाठी मराठीसुद्धा शाळेतच पक्की होते. खेळाचे नियम मराठीत लांबलचक समजावून सांगितले म्हणजे सगळ्यांना कळले असं धरू नका, दोन पोरं पुढं बोलवा आणि करून दाखवा. चित्रासमोर सगळे सारखेच असतात, तो फायदा नियम सांगण्यात घालवू नका.

हसायचं कशावर

यावर मी कडक आहे. विचित्र म्हणून फॉरवर्ड होणाऱ्या चित्रांत अपघाताचे, व्यंग असलेल्या माणसांचे, जन्मतः वेगळं शरीर असलेल्या जनावरांचे फोटो असतात. ते वर्गात अजिबात नकोत. वर्गात एखादं पोर पायानं अधू असतं, एखाद्याच्या घरी कुणीतरी असतं, आणि बाकीचे हसतात तेव्हा ते पोर काय शिकतं याचा विचार करा. वर्गातल्या पोराचा फोटो घेऊन त्याला गाढवाचे कान लावणं हेही नको, त्याला आवडलं तरी नको. श्रद्धेच्या गोष्टीही बाजूलाच ठेवा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत जत्रेतले पाळणे, भेळवाले, फुगेवाले यांची उलटीपालटी चित्रं करा, पोरं तुटून पडतील, पण यात्रेतले मानाचे नंदीध्वज किंवा कुणाचंही देवस्थान त्यात ओढू नका. लहान वर्गांना बाहुल्यांचे भेसूर चेहरेही दाखवू नका, रात्री घाबरतात आणि पालक सकाळी गेटवर उभे.

चित्र बनवताना, छापताना

एआयनं चित्रं बनवणं आता सोपं झालंय, पण त्यात दुकानाच्या पाट्या, पुस्तकं, टीशर्ट यावर जी अक्षरं येतात ती बरेचदा भलतीच असतात. आपल्याला ते चालून जातं, पण पोरं ती स्पेलिंग वहीत उतरवून घेतात! पाट्या कापून टाका किंवा मुद्दाम "फाइंड द मिस्टेक्स" असा खेळ करा, सहा बोटांचा हात, तीन चाकांची मोटारसायकल शोधायला पोरांना खूप आवडतं.

काळी-पांढरी झेरॉक्स काढली की अर्धं चित्र काळं होतं, तेव्हा जाड रेघांचंच चित्र झेरॉक्सला द्या. मागच्या बाकापर्यंत दिसायचं असेल तर फ्लेक्सवाल्याकडून एकाच तुकड्यावर चार चित्रं छापून घ्या आणि कापा, वर्षानुवर्षं टिकतात, फक्त खिडकीसमोर लावू नका, चमकतात. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका, लाइट गेली की तास गेला. आणि चित्र कुणाचं आहे याचंही भान ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षकाला शिकवताना वापरायची सवलत आहे, पण तेच चित्र यूट्यूबवर टाकणं किंवा वर्कशीटमध्ये छापून विकणं ही वेगळी गोष्ट झाली.

मधेच टोकणं

पोरगी हिंमत करून उठते, म्हणते "मॅन इज ईटिंग अंब्रेला", आणि आपण लगेच, "ॲन अंब्रेला! द मॅन!" ती खाली बसते आणि महिनाभर उठत नाही. त्याऐवजी "येस! द मॅन इज ईटिंग ॲन अंब्रेला! व्हाय?" असं म्हणा, बरोबर वाक्य तिच्या कानावर पडलं आणि बोलणंही पुढं गेलं. ऐकलेल्या चुका वहीच्या कोपऱ्यात टिपत राहा. शेवटची पाच मिनिटं राखा, त्यातली चार-पाच वाक्यं नाव न सांगता फळ्यावर लिहा, पोरांनाच सुधारू द्या.

तरी जमत नसेल तर

कुणीच बोलत नाही? आधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, मग विचारा. तेच तीन हात वर येतात? बाकांना नंबर द्या, चिठ्ठी काढा. गोंधळ फार होतो, शेजारच्या वर्गाचे सर दारात येतात? ओरडून सांगायचे खेळ कमी करा, बघा-झाका-लिहा घ्या, म्हणजे अर्धा मिनिट चित्र दाखवायचं, झाकायचं आणि आठवेल ते लिहायला सांगायचं, वर्ग इतका शांत होतो की पंख्याचा आवाज येतो. चित्र लवकर संपतं? काळ बदला. आज बसमध्ये म्हैस काय करतेय ते झालं, उद्या तेच चित्र काढा आणि विचारा ती तलावात पोचली कशी, म्हणजे भूतकाळ आला, परवा पुढं काय होणार ते विचारा. एक चित्र तीन तास सहज चालतं. दर वेळी शेवटी वहीत तीनच वाक्यं लिहून घ्या आणि तपासा, कारण परीक्षेत चित्र बघून लिहा असा प्रश्न आला की तोंडी बोलणारी पोरंही लिहायला अडतात.