वर्षभराच्या वाचनातून पुस्तकं सुचवायची कशी?

डिसेंबर आला की ‘यंदा काय वाचलंस? एखादं चांगलं पुस्तक सांग ना’ असं कुणीतरी विचारतंच. अशा वेळी वीस नावांची यादी धाडली, तर त्यातलं एकही वाचलं जात नाही. यादी छोटी हवी आणि माणूस बघून केलेली हवी.

आधी वर्षभराचं वाचन गोळा करा. आठवणीवर विसंबलात तर दिवाळीनंतरचीच पुस्तकं डोळ्यांपुढे येतात. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद असाल (1840 पासून चालू आहे ते), तर आपल्या नावावर काय काय गेलं, हे तिथे विचारून बघा. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ (वाचकांपर्यंत पुस्तकांच्या पेट्या पोचवणारा उपक्रम) च्या पेटीतून घेतलेली पुस्तकं, मित्रांकडून आणलेली, दिवाळी अंक, सगळं धरा.

मग चाळणी लावा. जे पुस्तक कुणी न विचारताही आपण चार जणांना सांगत सुटलो, ते ठेवा. नुसता पुरस्कार मिळालाय म्हणून एकही नको. पाच उरली तरी पुष्कळ.

खरी मेहनत पुढे आहे. प्रत्येक पुस्तकाबद्दल चार-पाच ओळी लिहायच्या, त्याही एका ठरावीक माणसाला डोळ्यांसमोर ठेवून. समजा, ‘स्मृतिचित्रे’ मावशीला सुचवायचंय. ‘मराठीतलं अजरामर आत्मचरित्र’ म्हटलं की ती मान डोलावेल आणि विसरून जाईल. त्याऐवजी असं सांगा: ‘मावशी, या लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांच्या सोवळ्यापायी घर मेटाकुटीला आलेलं. पुढे पती, कवी ना. वा. टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले आणि दोघांची ताटातूट झाली. एवढं सोसूनही बाई कुठे रडगाणं गात नाहीत, चक्क हसवतात. पुस्तक मोठं आहे, पण मुळात चार भागांत आलेलं. तू पहिला भाग तर वाच.’ कोणासाठी, काय आहे, जड कुठे जाईल आणि सुरुवात कुठून करायची, हे सगळं यात आलं. शेवट मात्र सांगायचा नाही.

पुस्तक मिळतं का, हेही आधी बघा. जुन्या पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्या निघतात, तेव्हा आपण कोणती वाचली ते सांगा. आजी-आजोबांसाठी असेल तर प्रत उघडून टाइप किती बारीक आहे ते पाहाच. कितीही सुंदर पुस्तक असलं तरी डोळ्यांना ताण पडला की मिटलं जातं.

भेटच द्यायची तर 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हे नाशिककरांचं हक्काचं निमित्त. एका वेळी एकच पुस्तक द्या.

महिन्याभराने ‘संपलं का?’ असं विचारू नका, परीक्षा घेतल्यासारखं होतं. ‘नाही जमलं’ म्हणाले, तर कुठल्या पानावर सोडलं ते विचारा. त्यांना पुढचं काय सुचवायचं, ते त्यावरून नेमकं कळतं.