बिली पायपर नक्की कोण? ‘डॉक्टर हू’चा ट्विस्ट आधी ओळखण्याची रीत

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानमालिका. तिचा नायक डॉक्टर हा टाइम लॉर्ड, म्हणजे काळात फिरणारा परग्रहवासी; मरायला टेकला की नवा चेहरा घेऊन त्याचा पुनर्जन्म होतो आणि नट बदलतो. 31 मे 2025 रोजी दाखवलेल्या ‘द रिअ‍ॅलिटी वॉर’ या भागाच्या शेवटी शूटी गटवाचा डॉक्टर टार्डिस या आपल्या कालयानाच्या दारात सोनेरी उजेडात गेला आणि त्या जागी बिली पायपर, म्हणजे 2005मध्ये डॉक्टरची सोबतीण रोज टायलर साकारलेली अभिनेत्री, उभी राहिली. नामावलीत तिचं नाव ‘सादर करत आहोत’ असं आलं, पण पुढे ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ हे शब्द नव्हते. आधीचे डॉक्टर असेच आले तेव्हा, मॅट स्मिथच्या वेळी (1 जानेवारी 2010) ते होते, जोडी व्हिटकरच्या वेळीही (25 डिसेंबर 2017) होते. मालिकेचे लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनीही ती कशी आली, का आली आणि कोण म्हणून आली, हे सांगायचं शिल्लक असल्याचं तेव्हाच म्हटलं. पुढे 2026च्या नाताळसाठी विशेष भाग जाहीर झाला, तोही डेव्हिस यांनीच लिहायचा.

तेव्हापासून नागपुरात धरमपेठ ते मानेवाडा, जिथे चार फॅन जमतात तिथे पाच थिअऱ्या निघतात. त्यातली कुठली टिकाऊ आणि कुठली नुसती हौस, हे भाग यायच्या आधीच ठरवता येतं. त्याची रीत खाली आहे. 1963मध्ये सुरू झालेल्या या मालिकेसाठी ती बनवली आहे, पण दुसऱ्या कुठल्याही लांबलचक विज्ञानमालिकेला चालेल.

वही

एक जाड वही घ्या. फोनवरच्या नोंदी नकोत, त्या मागाहून बदलता येतात आणि लोक बदलतातच. पान आडवं धरून पाच रकाने आखा. पहिल्यात भागाचं नाव आणि मिनिट-सेकंद. दुसऱ्यात फक्त दिसलं-ऐकलं ते. तिसऱ्यात ‘हे मुद्दाम केलंय का’ याला 10पैकी गुण. चौथ्यात ‘मुद्दाम असेल तर अर्थ काय’. पाचव्यात ‘यासाठी खर्च काय आला’.

निम्म्या थिअऱ्या दुसऱ्या रकान्यातच बिघडतात. तिथे ‘रोज परत आली’ असं लिहिलं की खेळ संपला. पडद्यावर दिसली ती रोजचा चेहरा असलेली बाई, तेवढंच लिहायचं. गटात एक तरी माणूस असा हवा जो दर वेळी विचारेल, “काऊन बे, इथं रोज कुठून आली?”

तिसरा आणि चौथा रकाना वेगळे का, हे 2024च्या सीझनवरून कळतं. सुझन ट्विस्ट ही अभिनेत्री भागामागून भाग निरनिराळ्या छोट्या भूमिकांत दिसत होती. सुरुवात त्याआधीच, डिसेंबर 2023च्या ‘वाइल्ड ब्लू यॉन्डर’मध्ये झाली होती. हे मुद्दाम आहे, हा फॅन लोकांचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला. ती डॉक्टरची नात सुझन, हा अर्थ मात्र साफ चुकला. ती निघाली सुतेखची दूत, म्हणजे 1975च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मधल्या खलनायकाची. दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात लिहिणाऱ्यांना शेवटी सगळंच चुकल्यासारखं वाटलं. वेगळं लिहिणाऱ्यांचा अर्धा डाव जिंकलेला होता.

खर्च कुणी केला?

पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक तोच रिकामा सोडतात. निर्मात्यांनी एखाद्या गोष्टीवर पैसा, वेळ किंवा पडद्यावरची मिनिटं घातली असतील, तर ती योगायोगाने आलेली नसते. त्याच अभिनेत्रीला दर भागासाठी करारबद्ध करायचं, नवा वेश द्यायचा, चित्रीकरणाच्या वेळापत्रकात बसवायचं, हा खरा खर्च. मागच्या भिंतीवरचं पोस्टर, पात्राच्या आडनावाची अक्षरं, लाल रंगाचा स्वेटर यांना जवळजवळ काहीच लागत नाही. त्यामुळे त्यांचं वजनही तेवढंच धरा.

कपड्यांची गडबड ओळखायला हीच कसोटी वापरा. 1 मे 2010च्या ‘फ्लेश अँड स्टोन’मध्ये दगडी देवदूत डॉक्टरचा कोट धरतात आणि डॉक्टर तो तिथेच टाकून निसटतो. थोड्या वेळाने, जंगलात डोळे मिटून बसलेल्या एमी या सोबतिणीजवळ तो येतो तेव्हा अंगात कोट आहे. बऱ्याच जणांनी ही चित्रीकरणातली चूक म्हणून सोडून दिली. तसं वाटणं चूक नव्हतं, कारण दृश्यं क्रमाने चित्रित होत नाहीत आणि कपडे-केस इकडेतिकडे होतात. पण त्या दृश्याला जवळचे शॉट दिले होते, डॉक्टरच्या बोलण्याचा सूर अचानक बदलला होता, आणि एमी सात वर्षांची असताना आपण काय सांगितलं ते आठव, असं तो तिला सांगत होता. अशा संथ दृश्याला मिनिटं मोजावी लागतात. 26 जूनच्या ‘द बिग बँग’मध्ये उलगडा झाला की तो पुढच्या काळातून मागे आलेला डॉक्टर होता.

म्हणून वस्तू जागची हलली की तीन प्रश्न विचारा. कॅमेरा तिच्यावर गरजेपेक्षा जास्त थांबला का? त्याच क्षणी संवादातही काही खटकलं का? आणि ते दृश्य काढून टाकलं तर भागाची गोष्ट अडते का? पहिल्या दोघांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ आलं, तर ते पुढच्या कुठल्या तरी भागासाठी पेरलं आहे. तिसऱ्या रकान्यात 8 लिहा. एकालाच ‘हो’ असेल तर 3च्या वर जाऊ नका.

अक्षरांचा खेळ

नावांच्या अक्षरांची उलटापालट करणाऱ्यांना आवरायला हवं. ती करायची तर रोमन अक्षरांत, एकेक अक्षर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून. ‘एस ट्रायड’ (S Triad) या कंपनीच्या नावातून ‘टार्डिस’ (TARDIS) निघतं, हे 2024मध्ये फॅन लोकांनी पकडलं. पण खुद्द मालिकेतल्या पात्रांनीही ते पकडलं होतं, तेव्हा ते गळालाच लावलेलं होतं. ‘मिस्टर सॅक्सन’ (Mister Saxon) या पात्राच्या नावाची अक्षरं हलवून 2007मध्ये ‘मास्टर नंबर सिक्स’ (Master No Six) काढलं गेलं, आणि तो निव्वळ योगायोग असल्याचं डेव्हिस यांनी सांगितलं. सॅक्सन हा मास्टर, म्हणजे डॉक्टरचा जुना शत्रू, निघाला हे खरं, पण अक्षरांमुळे नव्हे.

सहा वेगवेगळ्या अक्षरांच्या 720 मांडण्या होतात. बारा अक्षरं असतील तर काही ना काही सापडणारच. चाचणी अशी करा: त्याच भागातली पाच निरुपद्रवी नावं घ्या, दुकानदार, नर्स, कुणीही, आणि प्रत्येकावर तेवढाच वेळ घालवा. त्यातल्या दोनांतून जरी ‘गूढ’ वाक्य निघालं, तर मूळ नावातून निघालेलं वाक्य फाडून टाका.

राणी येणार, राणी येणार

1985मध्ये केट ओ’मारा हिने राणी नावाची टाइम लॉर्ड शास्त्रज्ञ साकारली. मालिका 2005मध्ये परत आल्यापासून कुठलीही रहस्यमय बाई दिसली की कुणीतरी ‘ही राणीच’ म्हणायचं. 17 मे 2025ला मिसेस फ्लड ही गूढ शेजारीण खरोखरच राणी निघाली, आणि दुसरी राणी म्हणून आर्ची पंजाबी आली. बरोबर निघालेला अंदाज सगळ्यांना आठवतो. त्याआधीचे चुकलेले वहीत नसतील, तर त्या माणसाचा हिशोब खोटा. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाच्या फसलेल्या थिअऱ्यांची वेगळी यादी ठेवा. थोडी भांडणं होतील. होऊ द्या.

याच्या उलट उदाहरण डॉक्टरची सोबतीण रूबी संडे हिच्या आईचं. टोपीआडची ती बाई देवी असेल, टाइम लॉर्ड असेल, सगळं सुचवून झालं. 22 जून 2024ला ती एक साधी बाई निघाली. तिने पंधराव्या वर्षी मूल चर्चच्या दारात ठेवलं होतं. दर यादीत ‘साधं उत्तर’ ही एक ओळ सक्तीची करा.

आता बिली पायपर

प्रत्येक शक्यतेसमोर ती कशाने मरेल ते लिहा. हे लिहिता येत नसेल तर ती थिअरी नाही, इच्छा आहे.

ती डॉक्टरच आहे: ओळखीचा चेहरा घेऊन पुनर्जन्म होणं या मालिकेत नवं नाही. 1979मध्ये रोमाना या टाइम लॉर्डने राजकुमारी अ‍ॅस्ट्राचा चेहरा उचलला, पीटर कपाल्डी डॉक्टर होण्याआधी 2008मध्ये पॉम्पेईच्या गोष्टीत होता, आणि 2022मध्ये आधीचा डॉक्टर डेव्हिड टेनंट याचा चेहरा परत आला. गटवानंतरचा पुढचा डॉक्टर म्हणून थेट दुसराच कुणी मोजला गेला, तर ही थिअरी बाद.

ती रोज टायलर आहे: रोज 2008मध्ये समांतर विश्वात राहिली. तिथून टार्डिसच्या आत, तेही पुनर्जन्माच्या उजेडातून, ती कशी आली हे सांगावं लागेल. तिला आई जॅकीची आठवण नसेल तर ही बाद.

ती मोमेंट किंवा बॅड वुल्फ आहे: 2013च्या पन्नाशीच्या भागात पायपर मोमेंट या अस्त्राचं रूप झाली होती आणि ती फक्त वॉर डॉक्टरलाच, म्हणजे डॉक्टरच्या एका जुन्या रूपालाच, दिसत होती. गटवाच्या शेवटच्या दृश्यात टार्डिसमध्ये दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे ही कसोटी अजून लागलेली नाही. नव्या भागात तिसऱ्या कुणी तिच्याशी सरळ बोललं, तर मोमेंट बाद. बॅड वुल्फसाठी एक मुद्दा मात्र भारी आहे: गटवाच्या शेवटच्या भागात डॉक्टरने आपली पुनर्जन्माची ऊर्जा कालप्रवाहात ओतली होती, आणि 2005मध्ये रोज बॅड वुल्फ झाली ती तोच प्रवाह अंगात घेऊन.

चौथी ओळ ‘यादीबाहेरचं काहीतरी’. हिला 100पैकी 15पेक्षा कमी गुण देणारा माणूस डेव्हिस यांना ओळखत नाही.

गुण आणि लिफाफा

प्रत्येकाने 100 गुण या ओळींत वाटायचे. समजा डॉक्टर 40, रोज 15, मोमेंट-बॅड वुल्फ 25, यादीबाहेर 20. निकाल लागला की प्रत्येक आकड्याला 100ने भागा, खऱ्या उत्तराच्या ओळीत 1मधून वजा करा, बाकीचे तसेच ठेवा, सगळ्यांचे वर्ग करून बेरीज करा. ती डॉक्टर निघाली तर 0.36 + 0.0225 + 0.0625 + 0.04 = 0.485. यादीबाहेरचं निघालं तर 0.885. कमी बेरीजवाला जिंकला. सगळीकडे 25 देऊन बसणाऱ्याला कायम 0.75 मिळतात, म्हणजे त्याच्या पुढे गेलात तर तुम्हाला काही कळतं. आणि सगळे 100 एकाच ओळीवर लावून चुकलात तर थेट 2.

गुणांचे कागद वेगवेगळ्या लिफाफ्यांत घालून चिकटवा, वरून सही करा आणि ज्याला मालिकेत रस नाही अशा कुणाकडे ठेवा. घरातली आजी उत्तम. कार्डिफच्या रस्त्यावर चित्रीकरण चालतं तेव्हा लोक फोटो काढतात आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत इथवर येतात. ज्याने ते पाहिलेत त्याने लिफाफ्यावर तसं लिहायचं. त्याचे गुण मोजायचे, पण वेगळ्या यादीत.

बसायचं कधी

ब्रिटनमध्ये हिवाळी वेळ असते तेव्हा आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. त्यांच्याकडे संध्याकाळी सहाला लागलेला नाताळचा भाग इथे रात्री साडेअकराला येतो. तोवर मेट्रो बंद झालेली असते. हिंगणा, कामठीकडून येणाऱ्यांची झोपायची सोय आधी ठरवा. गच्चीचा मोह नको, डिसेंबरात नागपुरात अर्ध्या तासात सगळे खाली येतात. 25 डिसेंबर 2026ला शुक्रवार आहे, दुसरा दिवस चौथा शनिवार, त्यामुळे बँकवाल्यांना सुट्टी. चर्चा सकाळी तर्री-पोह्यांवर करा. भाग संपल्या संपल्या केलेल्या चर्चेत जो जोरात बोलतो तोच बरोबर ठरतो.

भाग संपला आणि तरी ती कोण हे स्पष्ट झालं नाही, तर लिफाफे फोडू नका. त्यावर नवी तारीख टाका आणि जुने गुण तसेच ठेवून प्रत्येकाला दुसऱ्या कागदावर नव्याने 100 वाटू द्या. ‘स्पष्ट झालं’ म्हणजे काय, हे मात्र भाग बघायच्या आधीच एका वाक्यात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: पात्राने स्वतः सांगितलं, किंवा नामावलीत भूमिकेचं नाव आलं. मुलाखतीत कुणी काय म्हटलं ते धरायचं नाही.