कांदळ आणि स्लॉथ: वर्गीकरण व संवर्धनाचा तक्ता कसा मांडावा

एक झाड आणि एक प्राणी निवडताना दोघांचा काही संबंध असेल अशीच जोडी घ्या. गोव्यातल्या मांडवी-झुआरीच्या खारफुटीतली कांदळ, म्हणजे रायझोफोरा म्युक्रोनाटा, आणि पनामाच्या एस्कुडो दे वेराग्वास बेटावरचा बुटका तीनबोटी स्लॉथ, म्हणजे झाडांवर राहणारा संथ प्राणी ब्रॅडिपस पिग्मियस, ही जोडी छान जुळते. स्लॉथला आसरा देणारी तिथली तांबडी खारफुटी आपल्या कांदळीच्याच प्रजातीतली (जीनसमधली) आहे.

आधी डावीकडे सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती असे सात रकाने पाडा. स्लॉथ सरळ बसतो: प्राणी, कॉर्डाटा, सस्तन, पिलोसा, ब्रॅडिपोडिडी. कांदळीचा गण मालपिघिएलीस, कुल रायझोफोरेसी. जुन्या पुस्तकांत तिचा गण वेगळा सापडतो, तो उतरवू नका. आजच्या वनस्पती वर्गीकरणात गणाच्या वर ठराविक श्रेणी न देता गट दिलेले असतात, म्हणून संघ-वर्गाच्या जागी ‘सपुष्प, द्विदल’ लिहिणे पुरेसे आहे. दोघांची वाट सृष्टीलाच फुटते. त्याखाली ‘साम्य’ शोधत बसू नका.

सर्वांत जास्त घोळ अस्वलामुळे होतो. म्हादईच्या रानातल्या अस्वलाच्या इंग्रजी नावात ‘स्लॉथ’ आहे, पण ते मांसभक्षी गणातले, अस्वलांच्याच कुलातले. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनीही 1791 मध्ये त्याला ब्रॅडिपस प्रजातीत टाकले होते! लांब नख्या पाहून ठरवले की असे होते.

संवर्धनासाठी दोन ओळी वेगळ्या ठेवा: आययूसीएनचा (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेचा) दर्जा आणि स्थानिक कायदा. कांदळ ‘कमी चिंताजनक’, स्लॉथ ‘अतिसंकटग्रस्त’. दर्जापुढे मूल्यांकनाचे वर्ष लिहाच, कारण दर्जा बदलतो. शिवाय कारण लिहा. बेट जेमतेम चार-पाच चौरस किलोमीटरचे, पण लहान क्षेत्र एवढ्यानेच हा दर्जा मिळत नाही. एकाच ठिकाणी वस्ती आणि अधिवासाचा सतत ऱ्हास हेही दाखवावे लागते. उलट, ‘कमी चिंताजनक’ म्हणजे तोडायला मोकळीक नव्हे. हा दर्जा जगभरच्या पसाऱ्यावरून दिलेला असतो. किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 2019 च्या अधिसूचनेत खारफुटी सर्वांत संवेदनशील वर्गात, सीआरझेड-1ए मध्ये, मोडते. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तर वन्यजीव कायद्याखालीही येते, म्हणून तिथल्या कांदळीसाठी दोन्ही कायदे नोंदवा.