ऑर्गनवरच्या प्रायोगिक पॉप अल्बमचं परीक्षण कसं लिहावं

परीक्षणं आधी वाचू नका. पहिली ऐकणी कोरी हवी. मोबाइलचा स्पीकर बाद. पाइप ऑर्गनच्या 16 फुटी स्टॉपचा (स्टॉप म्हणजे एका जातीच्या नळ्यांचा संच, खुंटीने चालू-बंद होणारा) सर्वांत खालचा ‘सा’, म्हणजे त्यांचा सी, साधारण 33 हर्ट्झचा. तो लहान स्पीकरमधून जवळपास येतच नाही, आणि मग लोक लिहितात, ‘संगीत पोकळ वाटलं’. कान झाकणारे हेडफोन घ्या. नाशिकच्या सिडकोत रस्त्याकडेला राहत असाल तर रात्री अकरानंतर बसा, कारण खालचे स्वर सगळ्यात आधी रिक्षाच गिळते.

दुसऱ्यांदा ऐकताना वाद्य ओळखा. कालिदास कलामंदिरात संगीत नाटकाला साथ करणारा ऑर्गन रीडचा, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभांचा, पेटीच्या कुळातला. चर्चमधल्या पाइप ऑर्गनमध्ये बहुतेक नळ्या बासरीसारख्या वाजतात. दोन्हींत बोटाचा दाब कमीजास्त करून आवाज मोठा होत नाही. पट्टी जोरात दाबली तरी स्वर तेवढाच. त्यामुळे ‘वादन भावशून्य’ हा शेरा मारण्याआधी स्टॉप कुठे बदलले ते पाहा.

अल्बम मोठ्या चर्चमध्ये रेकॉर्ड केला असेल, तर तिथे घुमारा काही सेकंद रेंगाळतो. शब्द अस्पष्ट येण्याचं, लय संथ ठेवण्याचं कारण बहुधा तेच. दोष द्यायचाच तर मिक्सिंगला द्या, आणि गाण्याचा मिनिट-सेकंद लिहा.

आता इतरांचं वाचा. मेटाक्रिटिक या परीक्षणं गोळा करणाऱ्या वेबसाइटचा आकडा ही भारित सरासरी असते, म्हणजे काही परीक्षणांना जास्त वजन: 61 ते 80 म्हणजे साधारण अनुकूल. प्रायोगिक अल्बमला 90 आणि 50 मिळून 70 होऊ शकतात. ते 70 कुणाचंच मत नसतं. टोकाची दोन परीक्षणं शोधून तीच समोरासमोर ठेवा.