कंचेभागुबेव पुरत नाही: सी मधल्या एक्सप्रेशनच्या या चुका टाळा

दहावीच्या टक्केवारीचा प्रोग्रॅम सी शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीलाच लिहितो. ५०० पैकी ४३७ गुण, सूत्र तोंडपाठ, आणि ओळ अशी:

टक्के = गुण / ५०० * १००;

उत्तर येतं ०. कंपायलरची तक्रार नाही, सूत्रात खोट नाही, टायपिंगही बरोबर. तरी पोरगं नापास.

(उदाहरणांतली नावं, शब्द आणि आकडे इथे वाचण्यापुरते देवनागरीत घेतलेत. टाइप करताना नेहमीचे इंग्रजीच वापरा. देवनागरी ५ ला सी आकडा मानत नाही.)

'गुण' इंटिजर (पूर्णांक) आणि ५०० सुद्धा इंटिजर, म्हणून भागाकारही इंटिजर. ०.८७४ मधला अपूर्णांक गळून पडतो आणि शून्य उरतं. मग त्याला शंभराने गुणा नाहीतर हजाराने. बरेच जण इथे 'टक्के' हे व्हेरिएबल फ्लोट, म्हणजे दशांश मावणारं, करून बघतात. उपयोग होत नाही, कारण आधी उजवी बाजू पूर्ण सुटते आणि मगच ते उत्तर कशात ठेवायचं हा प्रश्न येतो. डावीकडे फ्लोट बसलाय याची उजवीकडे कुणाला खबरच नसते. शून्याचं फार तर ०.० होतं.

कुणीतरी हुशार मित्र सांगतो, आधी गुणाकार कर:

टक्के = गुण * १०० / ५००;

आता ८७ येतं. दशांश चार गेले, पण मुलगा पास. हाच प्रोग्रॅम कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याच्या टर्बो सी या जुन्या कंपायलरवर चालवला, तर मात्र उत्तर येतं उणे ४३. टर्बो सी चा इंटिजर १६ बिटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ४३७ गुणिले १०० म्हणजे ४३७००. ते मावत नाहीत, मग त्यातून ६५५३६ वजा होऊन उरतात उणे २१८३६. त्याला ५०० ने भागलं की उणे ४३. गंमत अशी की ३२७ गुणवाल्याला हाच प्रोग्रॅम चोख ६५ टक्के देतो, ३२८ वाल्याला उणे ६५, आणि पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला उणे ३१. 'काल चालत होतं, आज काय झालं' या प्रकारातल्या कितीतरी तक्रारी अशाच असतात. प्रोग्रॅम तोच, इनपुट बदललेला.

घरच्या लॅपटॉपवर इंटिजर बहुधा ३२ बिटांचा असतो, म्हणून हे तिथे दिसत नाही. तिथली मर्यादा २१४ कोटी ७४ लाखांच्या थोडी पुढे आहे. पैशांत किंवा मिलिसेकंदांत हिशेब करायला लागलात की तीही लवकर गाठली जाते. आणि चिन्हासहितचा इंटिजर असा ओव्हरफ्लो झाला तर काय व्हावं याची हमी सी चं स्टँडर्ड देतच नाही. वर सांगितलेले उणे आकडे ही टर्बो सी ची सवय आहे, भाषेचा नियम नाही.

उपाय एका टिंबाचा आहे:

टक्के = गुण * १००.० / ५००;

१००.० आलं की गुणाकार डबलमध्ये (फ्लोटचाच मोठा भाऊ) होतो, पुढचा भागाकारही डबलमध्ये, आणि ८७.४ मिळतात. 'टक्के' मात्र आता खरोखरच फ्लोट किंवा डबल हवं, आणि छापतानाही त्याचाच फॉरमॅट द्यायला हवा. टिंब कुठे देता हेही महत्त्वाचं. गुण / ५०० * १००.० लिहिलंत तर टिंब पोचायच्या आत भागाकार उरकलेला असतो. कास्टचंही, म्हणजे कंसात प्रकार लिहून किंमत बदलून घेण्याचंही, तसंच: (फ्लोट) गुण / ५०० चालतं, (फ्लोट)(गुण / ५००) मध्ये कास्ट शून्यावर बसतो.

शाळेतला नियम कुठे दगा देतो

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. कंचेभागुबेव डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की ऑपरेटरची प्राथमिकता शिकताना 'हे तर येतंच' म्हणून पान उलटलं जातं. पण त्या अक्षरांचा क्रम शब्दशः धरला तर भागाकार गुणाकाराच्या आधी आणि बेरीज वजाबाकीच्या आधी होते. सी मध्ये भागाकार, गुणाकार आणि बाकी काढणारा % हे तिघे एकाच पायरीवर आहेत, बेरीज-वजाबाकी त्याखालच्या पायरीवर, आणि एका पायरीवरचे डावीकडून उजवीकडे सुटतात.

१० - ४ + ३ चं उत्तर ९. बेरीज आधी धराल तर ३. इथे चूक लगेच कळते, कारण वहीतल्या गणितातही ९ च येतं. २ * ७ / ४ मध्ये कळत नाही. डावीकडून गेलं की १४ / ४, म्हणजे ३. भागाकार आधी केला तर ७ / ४ चा १ आणि उत्तर २. अपूर्णांकाच्या गणितात दोन्ही वाटांनी साडेतीनच आले असते, म्हणून शाळेत हा फरक कधी टोचला नाही.

एक बरोबर, दोन बरोबर

सी मध्ये तुलनेला == लागतो, एकटा = किंमत भरतो. इफ (गुण = ३५) लिहिलंत की 'गुण' मध्ये ३५ भरले जातात, या एक्सप्रेशनची किंमत ३५ होते, ती शून्य नाही म्हणून अट खरी ठरते. सगळी शाळा काठावर पास. ही चूक सगळ्यांना माहीत असते आणि तरीही होते, म्हणून तिच्यावर पाल्हाळ लावत नाही. पण हीच गोष्ट कुणी मुद्दाम केली तर काय होतं त्याचा एक खरा किस्सा आहे.

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोडची जी एक प्रत सीव्हीएस या कोड सांभाळणाऱ्या प्रणालीच्या सर्व्हरवर ठेवलेली होती, त्यात कुणीतरी घुसून दोन ओळी घातल्या. ओळींचा आव असा, की विशिष्ट पर्याय दिले असतील आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असेल तर एरर द्या. लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे रूट, मशीनचा मालक. पण तुलनेच्या जागी एकच बरोबर होता. म्हणजे ते पर्याय देणारा कुणीही त्या क्षणी रूट झाला असता. वर असाइनमेंटची किंमत शून्य, म्हणून अट खोटी, म्हणून एररसुद्धा नाही. जीसीसी हा सी चा कंपायलर अशा ठिकाणी वॉर्निंग देतो, पण असाइनमेंटभोवती जादा कंस असला की 'हे मुद्दाम केलंय' असं समजून गप्प बसतो. इथे तो कंस होता. मूळ प्रत वेगळ्या ठिकाणी होती, तिच्याशी ही प्रत जुळेना म्हणून प्रकार उघडकीला आला, आणि त्या ओळी मूळ कोडमध्ये कधी गेल्याच नाहीत.

काही जण खबरदारी म्हणून ३५ == गुण असं उलटं लिहितात. एक बरोबर राहून गेला तर कंपायलर तिथेच अडवतो हे खरं. पण दोन्ही बाजूंना व्हेरिएबल असली की या युक्तीचा उपयोग शून्य, आणि वाचताना दर वेळी ठेच लागते. मी ती कुणाला सुचवत नाही. वॉर्निंग चालू ठेवा, तेवढं पुरतं.

जसं बोलतो तसं लिहिणं

३५ <= गुण <= १०० ही अट वहीत बरोबर आहे, पायथनमध्येही बरोबर आहे. सी मध्ये ३५ <= गुण याचं उत्तर ० किंवा १ येतं, आणि तेच पुढे १०० शी ताडलं जातं. ० असो वा १, शंभरापेक्षा कमीच, म्हणून ही अट कधीच खोटी होत नाही. दोन तुलना सुट्या लिहून मध्ये && ('आणि') घाला.

याचंच भावंड म्हणजे इफ (विभाग == १ || २). 'विभाग एक किंवा दोन असेल तर' हे मराठीत बरोबर. सी मध्ये || च्या उजवीकडे नुसता २ उभा आहे, तो शून्य नाही, झाली अट खरी. पायथनमध्ये 'ऑर' लावून लिहिलंत तरी तिथेही हेच होतं.

& ची जुनी उधारी

सम संख्या ओळखायला & ने शेवटचा बिट बघतात, सम संख्येत तो ० असतो:

इफ (न & १ == ०)

ही अट कधीच खरी होत नाही. सी मध्ये == ची प्राथमिकता & पेक्षा वर आहे. आधी १ == ० सुटतं, त्याचं ०, आणि न & ० म्हणजे कायम शून्य. (न & १) == ० असा कंस हवाच.

असं विचित्र का, तर सी च्या आधीच्या बी भाषेत && नव्हताच. & हाच अटी जोडायलाही वापरत, आणि अ == ब & क == ड असं लिहिलेलं चालावं म्हणून तो == च्या खाली ठेवणं सोयीचं होतं. पुढे सी चे कर्ते डेनिस रिची यांनी तीत && आणला, पण जुना कोड मोडू नये म्हणून & ची जागा हलवली नाही. ती वर सरकवली असती तर बरं झालं असतं, असं नंतर त्यांनीच लिहून ठेवलंय. सी++, जावा, जावास्क्रिप्ट यांनी हा वारसा जसाच्या तसा उचलला. जावात निदान कंपाइलच होत नाही. पायथन आणि गो यांनी दुरुस्ती केली, तिथे & वर आहे. त्यामुळे पायथनवरून सी कडे आलेल्यांना ही चूक हमखास चावते.

दोन लहान गोष्टी इथेच उरकतो. ५ ^ २ म्हणजे २५ नव्हे, ७. ते एक्सऑर आहे, बिटांची तुलना: वेगळे असतील तिथे १. घात हवा असेल तर सी मध्ये पॉव फंक्शन, पायथनमध्ये दोन चांदण्या (**). आणि १ << ३ + १ चं उत्तर १६, कारण + आधी होतो.

ऋण संख्येची बाकी

आज मंगळवार, क्रमांक २. दहा दिवसांपूर्वी कोणता वार होता? (२ - १०) % ७ केलं तर पायथन ६ देतो, म्हणजे शनिवार, बरोबर. सी देतो उणे १. वारांच्या नावांचा अ‍ॅरे असेल तर तुम्ही अ‍ॅरेच्या बाहेर गेलात, आणि तिथे कचरा छापला जाईल किंवा प्रोग्रॅम कोसळेल. सी ९९ (१९९९ चं स्टँडर्ड) पासून नियम असा की भागाकार शून्याच्या दिशेने छाटला जातो, आणि बाकीला भाज्याचं चिन्ह लागतं. ((क % ७) + ७) % ७ हा नेहमीचा इलाज. याच कारणाने विषम तपासताना न % २ == १ लिहू नका. ऋण विषम संख्येला बाकी उणे १ येते. न % २ != ० लिहा.

आय प्लस प्लस, प्लस प्लस आय

आता परीक्षकांचा लाडका प्रश्न. ++ म्हणजे एकाने वाढवणं: नावानंतर असेल तर जुनी किंमत वापरली जाते, नावाआधी असेल तर वाढलेली. आय = ५ असताना जे = आय++ + ++आय याचं आउटपुट काय? व्हायवात, पेपरात, कॅम्पस इंटरव्ह्यूत, सगळीकडे हा भेटतो. सी मध्ये याला उत्तर नाही. एकाच एक्सप्रेशनमध्ये एकच व्हेरिएबल दोनदा बदललं आणि त्या दोन बदलांत आधी कोणता हे ठरलेलं नसलं, तर ते अनडिफाइंड बिहेव्हिअर, म्हणजे काय व्हावं याची भाषेत हमीच नाही. एका कंपायलरवर आलेलं उत्तर दुसऱ्यावर येईलच असं नाही. जावात डावीकडून क्रम ठरलेला आहे, तिथे ५ अधिक ७, बारा. सी च्या पेपरात हा प्रश्न आला तर प्रश्न चुकीचा आहे, आणि लेखी परीक्षेत तसं कारणासह लिहायला कचरू नका.

याच्या मुळाशी असलेला गैरसमज मात्र परीक्षेपुरता नाही. प्राथमिकता सांगते की कोणता ऑपरेटर कुणाला चिकटतो. कोणतं काम आधी होणार हे ती सांगत नाही. फंक्शन अ, ब आणि क असतील तर अ() + ब() * क() मध्ये गुणाकार बेरजेआधी होणार हे पक्कं, पण तिघांपैकी आधी कोणतं बोलावलं जाईल हे कंपायलरच्या मर्जीवर. तिन्ही फंक्शनं एकाच फाइलमधून वाचत असतील तर उत्तर बदलू शकतं. आधी तीन व्हेरिएबलमध्ये घ्या, मग सूत्र लिहा.

&& आणि || हे याला अपवाद. तिथे डावी बाजू आधी हे ठरलेलं, आणि तेवढ्यावर निकाल लागला तर उजवीकडे बघायचंच नाही. म्हणून इफ (न != ० && बेरीज / न > ३५) सुरक्षित आहे. बाजू उलट्या केल्या, किंवा घाईत एकच & पडला, तर न शून्य असताना शून्याने भागायचा प्रयत्न होतो आणि प्रोग्रॅम बहुधा तिथेच पडतो.

उत्तर चुकतंय, कुठे बघू?

पहिलं काम, सगळ्या वॉर्निंग चालू करणं. जीसीसीत उणे चिन्ह, त्याला जोडून मोठा डब्ल्यू आणि ऑल. वरच्यापैकी बऱ्याच चुका तो ओळ क्रमांकासकट दाखवतो, आय++ चा प्रकारसुद्धा. टर्बो सी वर शिकवत असतील तरी घरी जीसीसी टाकून घ्या.

तरी सापडलं नाही तर लांब एक्सप्रेशन तोडा. प्रत्येक तुकडा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेऊन छापा. टक्केवारीच्या उदाहरणात गुण / ५०० एवढंच छापलं असतं तरी शून्य समोर आलं असतं. कंस घालण्यात कंजुषी करू नका, त्यांनी प्रोग्रॅम हळू होत नाही.

आणि तपासायला इनपुट असे निवडा की ते मुद्दाम अडचणीत आणतील: शून्य, ऋण संख्या, सर्वांत मोठी किंमत. लीप वर्षाचा प्रोग्रॅम २०२३ आणि २०२४ वर चालवून बहुतेक जण उठतात. नुसतं वर्ष % ४ == ० लिहिलेला प्रोग्रॅमही त्या दोन्हींत पास होतो. तो १९०० ला लीप म्हणतो. शंभराची अट घालून चारशेची विसरलात तर २००० ला नाही म्हणतो.