माळरानावरचा ठिपकेदार पतंग कसा ओळखावा?

पतंग नको, आधी खुळखुळा शोधा. पाऊस ओसरला की माळावर पिवळ्या फुलांची ही झुडपं दिसू लागतात. वाळलेली शेंग हलवली की आतल्या बिया वाजतात, म्हणून हे नाव. झुडूप सापडलं की भोवतालच्या गवतातून सावकाश चाला. कागदाचा कपटा उडावा तसं काहीतरी पांढरं भुरकन उठेल आणि चार पावलांवर पुन्हा गवतात बुडी मारेल. धावू नका, नजर तिथेच ठेवा.

बसलेला पतंग पंख अंगाभोवती लपेटून घेतो. काडीला अडकलेली बारीक सुरळीच जणू. दुधी पंखांवर लाल आणि काळे ठिपके. मागचे पंख पांढरे, कडेला वेडीवाकडी काळी किनार, पण ती उडतानाच दिसते. दिवसाही उडतो म्हणून लोक याला हमखास फुलपाखरू म्हणतात. मिशा बघा: फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते, याच्या दोऱ्यासारख्या सरळ. नाव युटेथिसा पुल्केला. यातलं 'पुल्केला' लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली दिलं, अर्थ गोजिरी. लॉट्रिक्स नावाची याची भावकी इतकी सारखी दिसते, की शंका असेल तर वहीत नुसतं 'युटेथिसा' लिहावं.

आता पानं उलटून बघा, खुळखुळ्याची आणि भुरुंडीचीही. अळी केसाळ, करडी-काळी, पाठीवर पांढऱ्या रेघा आणि नारिंगी आडवे पट्टे. शेंगेला भोक दिसलं तर ती सोला. तागाच्या शेंगा पोखरणारी अळी हीच. एवढा भडक रंग लपायला नसतो. झाडातली कडू विषारी द्रव्यं अळी अंगात साठवते आणि पुढे पतंगातही ती उतरतात.

जीवनचक्र पाहायचं तर दोनच अळ्या आणा. बरणीच्या तोंडाला मलमल बांधा, तळाशी कोरडा पाचोळा ठेवा. ज्या झाडावर अळी सापडली त्याचाच ताजा पाला रोज घाला, लेंड्या काढा. ओल राहिली की बुरशी येते. पाचोळ्यात विरळ रेशीम विणून अळी कोष करते. तेव्हा बरणी हलवू नका. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंत महिना-सव्वा महिना लागतो. माझ्या पहिल्या बरणीतून पतंगाऐवजी एक राखाडी माशी निघाली, अळीच्या अंगातच वाढलेली. तीही तारखेसकट वहीत गेली.

पतंग निघाला तर पंख सुकू द्या आणि त्याच खुळखुळ्यापाशी सोडा.